हुशार मुलं नापास का होत होती?

१९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गणित विभागाला एक प्रश्न छळत होता. पहिल्या सत्रातल्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं भराभर मागे पडत होती. अभ्यासक्रम शेवटपर्यंत पुरा करणाऱ्यांपैकीही साठेक टक्के मुलांच्या हाती डी किंवा एफ, म्हणजे जेमतेम पास किंवा सरळ नापास, अशी श्रेणी पडत होती. युरी ट्राइसमन तेव्हा तिथे पीएच.डी. करत होते. असं का होतं, हे त्यांनी प्राध्यापकांना आणि शिकवणाऱ्या सहायकांना विचारलं. उत्तरं तयारच होती. मुलांमध्ये जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, पैशाची ओढाताण. ही चारही उत्तरं आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आजही ऐकायला मिळतील.

ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि त्यांच्या मागे मागे राहिले. त्यांच्या खोल्यांवर गेले, ग्रंथालयात बसले, अभ्यास करताना त्यांचं चित्रीकरण केलं. जे दिसलं त्याने ती चारही उत्तरं निकालात निघाली. यातली कितीतरी मुलं आपापल्या शाळेतून पहिली आलेली होती. त्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना इथवर पोचवलं होतं. ती मुलं कष्टाळू होती, वर्ग बुडवत नव्हती, गृहपाठ वेळेवर देत होती.

फरक वेगळ्याच ठिकाणी होता. वीसपैकी अठरा कृष्णवर्णीय मुलं कायम एकटीच अभ्यास करत. आठवड्याला आठ तास अभ्यास करा असं त्यांना सांगितलेलं होतं आणि ती प्रामाणिकपणे आठ तास बसत. चिनी मुलं चौदा तासांच्या घरात जात. आधी प्रत्येकजण आपापलं सोडवी. मग रात्री जेवण झाल्यावर चार-पाच जण एकत्र जमत, वह्या पडताळत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते मुळातच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र न सुटलेलं प्रत्येक गणित ‘आपली लायकी नाही’ एवढंच सांगत असे. शाळेत एकट्याने अभ्यास करूनच ही मुलं वर आली होती. आजूबाजूची मुलं टिंगल करत असताना दार लावून घेणं हाच त्यांचा यशाचा मार्ग होता, आणि विद्यापीठात तोच त्यांना बुडवत होता.

विद्यापीठात मदत नव्हती असं नाही. शिकवण्या होत्या, समुपदेशक होते, कच्च्या मुलांसाठी वेगळे वर्ग होते. पण शाळेत पहिला आलेला मुलगा ‘कच्च्यांच्या’ वर्गाची पायरी चढत नाही, आणि माझ्या मते त्याने ती चढूही नये. आपण कच्चे आहोत हे एकदा मान्य केलं की पुढे तेच खरं होत जातं.

म्हणून ट्राइसमन यांनी उलट केलं. त्यांनी हुशार मुलांसाठी म्हणून वर्कशॉप सुरू केलं आणि मुलांना रीतसर निमंत्रण दिलं. नेहमीच्या तासांखेरीज आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. समोर गणितांचा कागद, आणि ही गणितं गृहपाठापेक्षा अवघड. चार-पाच जणांचं टोळकं एका टेबलाभोवती. एकाने पायरी मांडायची, दुसऱ्याने ‘हे कशावरून?’ म्हणून अडवायचं. शिकवणारा सहायक टेबलांमधून फिरत असे, पण उत्तर सांगत नसे. फार तर एखादा प्रश्न टाकून पुढे सरके. चूक चारचौघांत होई आणि चारचौघांतच सुधारली जाई, त्यामुळे तिची लाज उरत नसे. वर्कशॉपला नेमाने येणारी कृष्णवर्णीय मुलं वर्गातल्या इतरांच्या तोडीला आली, पुष्कळदा त्यांच्या पुढे गेली. १९९२ मध्ये ट्राइसमन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि त्यांच्या पद्धतीवर बेतलेले वर्ग देशभर सुरू झाले.

विद्यार्थी सहायता म्हटलं की आपल्यापुढे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि समुपदेशनाची खोली येते. तेही हवंच. पण विद्यार्थ्यात काय कमी आहे यापेक्षा संस्थेने त्याच्याभोवती काय उभं केलं आहे, हे पाहणाऱ्यालाच ही कामं खरी साधली, असं मला अमेरिकेचा हा इतिहास वाचताना वारंवार जाणवलं.

त्या इतिहासाची सुरुवात संघर्षातून झाली. ब्लॅक पँथर मराठी वाचकाला परिचयाचे आहेत, कारण त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याआधीच्या काही वर्षांत अमेरिकी विद्यापीठांच्या आवारात जे घडत होतं ते मात्र आपल्यापर्यंत फारसं आलं नाही. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. महिन्याभरातच शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शंभरेक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फी भरण्याच्या कार्यालयाचा ताबा घेतला आणि अडतीस तास ते आत ठाण मांडून बसले. मागण्या अगदी व्यवहाराच्या होत्या. आमच्या मुलांचे प्रवेश वाढवा, आर्थिक मदत वाढवा, आमचा इतिहास शिकवा, आमचं म्हणणं समजेल असा समुपदेशक नेमा, आम्हाला बसायला-उठायला एक जागा द्या. विद्यापीठाने करार केला. पुढच्या काही वर्षांत देशभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सहायता कार्यालयं आणि सांस्कृतिक केंद्रं उघडली. त्याच १९६८ साली केंद्र सरकारनेही वंचित घरांतून आलेल्या मुलांसाठी विद्यार्थी सहायता योजना आणली. ती कुठल्याही वंशाच्या मुलांसाठी खुली होती.

अशा कार्यालयाच्या प्रमुखाची खुर्ची मोठी अवघड. पगार विद्यापीठाचा आणि विश्वास मुलांचा. मुलं आंदोलनाला बसली की प्रशासनाला वाटतं याने त्यांना आवरावं. प्रशासनाने टाळाटाळ केली की मुलांना वाटतं हा त्यांचाच माणूस. अनेक ठिकाणी या प्रमुखाला पद मिळालं, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्राध्यापक यांच्याबाबत त्याला कुणी विचारत नसे. मुलं नापास होत होती वर्गात, आणि याचं कार्यालय होतं वर्गाबाहेर.

ही भिंत ज्याने ओलांडली तो माणूस म्हणजे फ्रीमन राबाउस्की. जन्म १९५० चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. मे १९६३ मध्ये तिथे शाळकरी मुलांनी वर्णभेदाविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा बारा वर्षांचे राबाउस्की त्यात होते आणि पाच दिवस तुरुंगात राहून आले. पंधराव्या वर्षी ते कॉलेजात गेले आणि चोविसाव्या वर्षी इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. गणिताच्या वर्गात आपण एकटेच कृष्णवर्णीय असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९८७ मध्ये ते मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी इथल्या संस्थेत, यूएमबीसीत, आले. १९९२ पासून २०२२ पर्यंत, तीस वर्षं, त्यांनी तिचं अध्यक्षपद सांभाळलं.

बाल्टिमोरचे बांधकाम व्यावसायिक रॉबर्ट मायरहॉफ आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी १९८८ मध्ये यूएमबीसीला पाच लाख डॉलर दिले. कृष्णवर्णीय तरुण म्हटला की वर्तमानपत्रात गुन्ह्याचीच बातमी येते, याचं मायरहॉफ यांना दुःख होतं. राबाउस्कींना कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ घडवायचे होते. दोघांचं जमलं. पुढच्या वर्षी मायरहॉफ शिष्यवृत्तीवर एकोणीस मुलांची पहिली तुकडी आली, १९९० पासून मुलीही येऊ लागल्या.

या शिष्यवृत्तीचं वैशिष्ट्य म्हणजे ती मुलांवर दया दाखवत नाही. पहिलं सत्र सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे सगळ्यांना आवारातच राहावं लागतं. मोबाइल काढून घेतले जातात. गणिताचे तास असतात आणि आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचेही. गटाने अभ्यास ही इथे सूचना नसते, तो नियम असतो. एखाद्या विषयात सी मिळाला तर तो विषय पुन्हा घ्या असं सांगतात. आपल्याकडे ‘सुटला ना विषय, मग झालं’ म्हणतील. इथे विचार असा की रसायनशास्त्राची पहिली पायरी अर्धवट राहिली तर तिसऱ्या पायरीवर मुलगा पडणारच, मग आत्ताच नीट बसवा. मार्गदर्शक प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात, सत्र संपायची वाट न पाहता मधल्या चाचण्यांचे गुण पाहतात आणि गरज पडली तर मुलाला बोलावून घेतात. आईवडिलांनाही सोबत घेतलं जातं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते प्राध्यापकांशी झालेलं काम. विज्ञान शाखेत पहिल्या दिवशी मुलांना सांगायची एक जुनी अमेरिकी रीत आहे: डावीकडे बघा, उजवीकडे बघा, तुमच्यातला एक शेवटपर्यंत टिकणार नाही. राबाउस्की हे वाक्य भाषणांमधून उलटं करून सांगत आले आहेत. डावी-उजवीकडच्यांना पदवीपर्यंत पोचवणं हे आपलं काम, आणि ते जमलं नाही तर आपण सगळेच नापास. अध्यक्षच असं बोलू लागला की सहायता कार्यालयाला वर्गाचं दार ठोठावत बसावं लागत नाही. मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम करू लागली. एड्सच्या विषाणूवर संशोधन करणारे मायकेल समर्स यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊ लागले.

निकाल तपासायची त्यांची रीतही मला आवडली. निवड होऊनही जी मुलं दुसऱ्या विद्यापीठात गेली, त्यांच्याशी तुलना. म्हणजे दोन्हीकडे सारखीच हुशार मुलं. विज्ञानात डॉक्टरेटच्या वाटेला लागण्याचं प्रमाण मायरहॉफच्या मुलांमध्ये सुमारे पाच पट निघालं. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या सरकारी संशोधनात आघाडीवर असलेल्या किझमेकिया कॉर्बेट या इथल्याच २००८ च्या पदवीधर. २०१३ मध्ये पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांनी हाच साचा उचलला, आणि तिथेही तसेच निकाल दिसू लागले.

अर्थात अशा निवडक तुकडीत सगळेच येत नाहीत. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात हजारो साधारण घरची मुलं शिकतात, त्यात कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येने. २००३ मध्ये तिथल्या शंभरातले बत्तीसच जण पदवीपर्यंत पोचत होते. तपासात दिसलं की दर सत्राला कितीतरी मुलांची नावं केवळ काहीशे डॉलरची फी थकली म्हणून पटावरून कमी होतात. अगदी शेवटच्या वर्षातल्या मुलांचीही. २०११ पासून विद्यापीठ अशा मुलांच्या खात्यात स्वतःहून ती रक्कम भरू लागलं. अर्ज नाही, हेलपाटे नाहीत. २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींवर संगणकाची नजर असते. एखाद्याने चुकीचा विषय घेतला किंवा पायाभूत विषयात गुण घसरले की मार्गदर्शकाला लगेच कळतं. पदवीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण काही वर्षांत पन्नास टक्क्यांच्या वर गेलं आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांमधली दरी मिटली. यातली कुठलीच सोय एका वंशापुरती नव्हती.

हा शेवटचा मुद्दा आज जिव्हाळ्याचा झाला आहे, कारण वंशापुरत्या सोयींवर न्यायालयांची आणि कायदेमंडळांची कुऱ्हाड आहे. याची चाहूल मेरीलँडमध्ये फार आधी लागली होती. तिथल्या कॉलेज पार्क विद्यापीठाची फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेली बॅनेकर शिष्यवृत्ती १९९४ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवली. मायरहॉफने त्यातून बोध घेऊन १९९६ मध्ये दारं सगळ्यांना उघडली. अट एवढीच की विज्ञानात मागे राहिलेल्या समाजांना पुढे आणण्याची आस्था हवी. कार्यक्रमाचा आत्मा टिकला, कारण त्याची खरी ताकद गटात, शिस्तीत आणि भरवशात होती.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द केली. तो निकाल प्रवेशापुरता होता, पण त्याच सुमारास राज्याराज्यांत वंशापुरत्या सोयी बंद करणारे कायदे होऊ लागले. टेक्सासचा कायदा जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालं. ट्राइसमन पुढे प्राध्यापक म्हणून गेले ते याच विद्यापीठात. यूटामध्ये जुलै २०२४ पासून कायदा आला आणि यूटा विद्यापीठाचं ब्लॅक कल्चरल सेंटर बंद झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने देशभरच्या शिक्षणसंस्थांना पत्र पाठवून असे कार्यक्रम गुंडाळण्याचा दबाव आणला. ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने ते पत्र रद्दबातल केलं, पण तोवर अनेक विद्यापीठांनी धास्तीनेच पाट्या उतरवल्या होत्या.

सगळ्यांसाठी एकच सहायता कार्यालय असावं, असा यामागचा युक्तिवाद आहे. जॉर्जिया स्टेटचं उदाहरण पाहता फी, वेळापत्रक, विषयांची निवड या बाबतीत तो मला पटतो. बर्कलीतल्या त्या अठरा मुलांच्या बाबतीत पटत नाही. ती कुठल्याच कार्यालयात गेली नव्हती. त्यांचे गुण सगळ्यांना दिसत होते, त्यांचं एकटेपण दिसायला कुणीतरी त्यांच्या खोलीपर्यंत जावं लागलं. हे काम नेमून दिलेला, त्यासाठी पगार घेणारा आणि मुलांचा विश्वास कमावलेला माणूस विद्यापीठात असावा लागतो. पाटी उतरली तेव्हा अनेक ठिकाणी त्याचं पदही गेलं.