गरोदरपणात ताटात काय, काय नको
• दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधात लिस्टेरिया असू शकतो. हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, म्हणून उरलेली भाजी-आमटी चांगली वाफ येईपर्यंत गरम करावी.
• पपई: कच्ची, चीक असलेली टाळावी. पूर्ण पिकलेली चालते.
• मासे: मुशीत पारा जास्त. बांगडा, तारली, बोंबील नीट शिजवून खावेत.
• अंड्याचा बलक घट्ट हवा.
• लोहाची गोळी: सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत मुळीच नको, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी उत्तम.
• दारू: थोडीही सुरक्षित नाही.