इंटिरिअर डिझाइन शिकताय? ‘आयआयआयडी’चं विद्यार्थी सदस्यत्व घ्यावं का?

‘मेंबरशिप घे, पुढे लायसन्स सोपं जाईल,’ असं सीनियर सांगतात. ते चूक आहे. आर्किटेक्टला १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करावीच लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी देशात तसा कायदाच नाही. त्याच वर्षी स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारी संस्था नव्हे.

मग पैसे कशाला भरायचे? ओळखींसाठी. चॅप्टरच्या कार्यक्रमांत काम करणारे डिझायनर भेटतात, इंटर्नशिपचं थेट विचारता येतं. घरात कुणीच या क्षेत्रात नसेल, तर हे फी वसूल करणारं आहे. नुसतं बायोडेटात लिहायला घेत असाल, तर पैसे वाचवा. अर्जाआधी आपल्या शहरातल्या चॅप्टरकडे फी आणि सदस्यत्वाची मुदत मात्र विचारून घ्या.