विश्लेषण : माणसे ‘कल्ट’मध्ये का अडकतात? संप्रदाय आणि ‘कल्ट’ यांत फरक कोणता?

आषाढी एकादशीला सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात लाखो वारकरी जमतात. आळंदी आणि देहूहून निघालेले वारकरी जवळपास तीन आठवडे चालत येतात. द्वादशीला उपवास सुटतो, पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या परतीच्या वाटेला लागतात. वारकरी पुन्हा आपल्या शेतात, दुकानात, घरात जातो. इतकी निष्ठा आणि इतके कष्ट, तरी पंढरपूर कुणाला अडवून ठेवत नाही. काही समूहांत मात्र आत गेलेला माणूस हळूहळू घराला, मित्रांना आणि शेवटी स्वतःच्या विचारालाही पारखा होतो. अशा समूहांना जगभर ‘कल्ट’ म्हणतात. माणसे त्यांत का जातात आणि श्रद्धा नेमकी कुठे संपते, याचा हा आढावा.

‘कल्ट’ला मराठीत काय म्हणायचे?

मराठीत याला नेमका शब्द नाही. ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे आपल्याकडे आदराचे शब्द आहेत: नाथ पंथ, महानुभाव पंथ, वारकरी संप्रदाय. ‘बुवाबाजी’ हा शब्द जवळचा आहे. मात्र त्यात एक भोंदू आणि त्याने फसवलेले भक्त एवढेच चित्र उभे राहते. कल्टमध्ये बुवा असतोच असे नाही. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, झटपट श्रीमंतीचे स्वप्न विकणारी साखळी योजना किंवा राजकीय गटही तसे वागू शकतो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी कल्टची तीन लक्षणे सांगितली. पहिले, तत्त्वांऐवजी हयात नेताच पूजेचा विषय होणे. दुसरे, अनुयायांच्या विचारांना पद्धतशीरपणे वळण लावणे. तिसरे, त्यांचे आर्थिक, लैंगिक किंवा अन्य प्रकारे शोषण होणे. यात ‘श्रद्धा विचित्र आहे का’ हा प्रश्न कुठेही नाही.

नवा पंथ म्हणजे कल्ट का?

नाही. आजचे अनेक मोठे धर्म आणि संप्रदाय त्यांच्या काळात नवे, छोटे आणि प्रस्थापितांना खटकणारेच होते. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर मंगळवेढ्यात राहिले. जातिभेद नाकारणारी त्यांची शिकवण तेव्हाच्या समाजाला धक्का देणारी होती. आज त्यांना मानणारा लिंगायत समाज सोलापूरच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग आहे. चक्रधर स्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्यांना ते वाचता येत नसल्याने या पंथाविषयी शतकानुशतके गैरसमज पसरले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मराठीतील अमूल्य गद्य अभ्यासकांसमोर आले.

म्हणूनच समाजशास्त्राचे अनेक अभ्यासक ‘कल्ट’ हा शब्द टाळून ‘नव्या धार्मिक चळवळी’ असे म्हणतात. न आवडणाऱ्या कुठल्याही अल्पसंख्य गटावर हा शिक्का मारला जाऊ नये, हे त्यामागचे कारण आहे.

शिकलेली माणसेही कशी ओढली जातात?

कल्टमध्ये अडाणी किंवा दुबळ्या मनाची माणसे जातात, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ‘सरिन’ हा विषारी वायू सोडणाऱ्या ‘ओम शिनरिक्यो’ या गटात विज्ञान शाखेचे उच्चशिक्षित होते आणि हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही होता. त्या हल्ल्यात डझनभराहून अधिक लोकांचा जीव गेला आणि हजारोंना बाधा झाली.

शिक्षणापेक्षा वेळ महत्त्वाची ठरते. जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे, दीर्घ आजार, परीक्षेतील अपयश किंवा नव्या शहरातील एकटेपणा अशा वळणावर माणूस आधार शोधत असतो. सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करा. भाड्याची खोली, दिवसभर काम, बोलायला कुणी नाही. अशा वेळी ‘ताणमुक्ती शिबिरा’त कुणी नावाने हाक मारते, जेवण झाले का विचारते, आजारपणात औषध आणून देते. त्याला तत्त्वज्ञान पटलेले नसते, त्याला माणसे मिळालेली असतात.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. कल्टमध्ये जायचे असे ठरवून कुणी जात नाही. लोक सत्संगाला, सेवेला, उपचाराला किंवा समाज बदलायला जातात. अमेरिकेतील ‘पीपल्स टेम्पल’मध्ये सामील झालेल्या अनेकांना वंशभेदाविरुद्धचे काम आणि गरिबांना मिळणारी मदत भावली होती. त्याच गटातील ९०० हून अधिक लोकांचा १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातील जोन्सटाउन येथे मृत्यू झाला. बहुतेकांचा जीव सायनाइड मिसळलेल्या सरबताने गेला. मृतांत सुमारे ३०० मुले होती.

आत जाणे सोपे, बाहेर पडणे अवघड का?

कारण मागणी हळूहळू वाढते. आधी रविवारचे दोन तास, मग पूर्ण रविवार. आधी शंभर रुपयांची देणगी, मग पगाराचा हिस्सा, मग दागिने किंवा जमीन. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीच उंच असते. पहिल्याच दिवशी ‘घर सोडा’ म्हटले असते, तर बहुतेक जण उठून गेले असते.

दुसरे कारण मनाचे आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये ‘बोधात्मक विसंगती’चा सिद्धांत मांडला. आपली कृती आणि समोरचे वास्तव जुळेनासे झाले की मन अस्वस्थ होते आणि ती अस्वस्थता कमी करण्यासाठी वाट शोधते. ज्याने दहा वर्षे, बचत आणि नाती पणाला लावली, त्याला ‘मी चुकलो’ म्हणण्यापेक्षा ‘विरोधक खोटे बोलतात’ असे मानणे सोपे जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये हरियाणातील न्यायालयाने डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याला बलात्कार प्रकरणात दोषी ठरवले. निकालानंतर समर्थक रस्त्यावर उतरले आणि पंचकुला व परिसरातील हिंसाचारात ३० हून अधिक लोकांचा बळी गेला. न्यायालयाचा निकालही निष्ठेपुढे फिका पडला.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. तोपर्यंत मित्र, काम, राहण्याची जागा, कधी कधी जोडीदार आणि मुलेही त्याच गटात असतात. बाहेर पडायचे म्हणजे हे सगळे एका दिवसात गमवायचे.

पुण्यातून ओरेगनला गेलेला प्रयोग काय सांगतो?

आचार्य रजनीश यांनी १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये आश्रम सुरू केला. देशोदेशीचे सुशिक्षित, सुस्थितीतील तरुण तेथे आले. अनेकांना तेथील ध्यानपद्धतींचा आणि मोकळेपणाचा लाभ झाला, असे ते आजही सांगतात. १९८१ मध्ये हा समूह अमेरिकेतील ओरेगन राज्यात गेला आणि सुमारे ६४ हजार एकरांच्या माळरानावर ‘रजनीशपुरम’ हे शहर उभे राहू लागले.

रजनीश यांनी तेव्हा सार्वजनिक मौन पत्करले होते. कारभार त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांच्या हाती एकवटला. स्थानिकांशी वाद वाढला. १९८४ मध्ये स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांना घरीच अडकवून ठेवण्यासाठी ‘द डॅल्स’ गावातील उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कुणाचा मृत्यू झाला नाही. शीला यांना शिक्षा झाली. रजनीश यांच्यावर विषबाधेचा आरोप ठेवला गेला नाही. मात्र स्थलांतरविषयक गुन्ह्यांत तडजोड करून त्यांना अमेरिका सोडावी लागली. १९८७ मध्ये ते पुण्यात परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

या कटाची हजारो साध्या अनुयायांना कल्पनाही नव्हती. समूह तोच होता, ध्यानही तेच होते. पण सत्ता मोजक्या हातांत गेली, प्रश्न विचारणारा गद्दार ठरू लागला आणि बाहेरचे जग शत्रू झाले. कल्ट हा जन्मजात शिक्का नसून एखादा समूह घसरत जाऊन पोहोचतो ती अवस्था आहे, हे यातून दिसते.

‘ब्रेनवॉशिंग’ खरेच होते का?

चित्रपटात दिसते तसे नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी ‘युनिफिकेशन चर्च’चा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. या गटाच्या निवासी शिबिरांना आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक सामील झाले नाहीत आणि सामील झालेल्यांपैकीही अनेक जण काही काळात बाहेर पडले, असे त्यांना आढळले. म्हणजे कुणाचेही मन कायमचे ‘धुऊन’ टाकणारी जादू कुणाकडे नाही. अपुरी झोप, सततचे कार्यक्रम, माहितीवर नियंत्रण आणि अपराधीपणाची भावना यांमुळे निर्णयशक्ती मात्र क्षीण होते. त्या माणसाच्या परतण्याची आशा ठेवायला म्हणूनच जागा असते.

मग रेषा कुठे ओढायची?

प्रस्थापित धर्मसंस्था निर्दोष असतात, असे नाही. संत चोखामेळ्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारापाशीच राहिली. दलितांसाठी ते मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि दार उघडले. मंदिराचे व्यवस्थापन सरकारकडे घेणारा कायदा १९७३ मध्ये झाला. बडवे-उत्पातांच्या परंपरागत हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला. अन्याय झाला आणि तो शतकानुशतके चालला. तरी विठ्ठलाला मानणाऱ्यांनीच त्याला विरोध केला, हिशेब मागितला, कायदा केला. असे करणाऱ्याला भक्त म्हणून राहता आले.

श्रद्धा कोणती, यापेक्षा चार प्रश्न म्हणूनच अधिक कामाचे ठरतात. प्रमुखाला जाहीरपणे प्रश्न विचारता येतो का? पैशाचा हिशेब मिळतो का? घरच्यांशी, मित्रांशी मोकळेपणाने बोलता येते का? आणि उद्या सोडून गेलो, तर शाप, बदनामी किंवा धमकी न मिळता जाता येते का? चारही उत्तरे ‘हो’ असतील, तर श्रद्धा कितीही वेगळी असो, काळजीचे कारण कमी आहे. उत्तरे ‘नाही’ असतील, तर समूह कितीही जुना आणि प्रतिष्ठित असो, सावध व्हावे.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ‘कल्ट’ची कायदेशीर व्याख्या भारतात नाही. फ्रान्सने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करून माणसाच्या दुर्बल अवस्थेचा गैरफायदा घेणे हा गुन्हा ठरवला.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. दैवी शक्तीचा दावा करून फसवणूक, दहशत किंवा लैंगिक शोषण करणे, तसेच सर्पदंशासारख्या प्रसंगी वैद्यकीय उपचार रोखणे हे गुन्हे आहेत. त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. या कायद्याने वारी बंद पडेल, अशी भीती तेव्हा घालण्यात आली होती. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. श्रद्धा आणि शोषण यांतील रेषा कायद्यानेही कृतीवरूनच ओढली आहे.

घरातले माणूस अडकले असेल तर?

‘तुला अक्कल नाही’ किंवा ‘तुझा गुरू भोंदू आहे’ असे म्हणणे बहुधा उलटते. बाहेरचे जग शत्रू आहे, हे त्याला शिकवलेले असते आणि घरच्यांच्या रागाने ते खरे ठरते. नियमित फोन, सणाचे बोलावणे आणि वाद न घालता विचारलेला एखादा साधा प्रश्न यांचा उपयोग अधिक होतो. मोठ्या रकमा, मालमत्तेचे व्यवहार आणि लहान मुलांची सुरक्षितता यांवर मात्र लक्ष ठेवावे. धमकी, डांबून ठेवणे किंवा शोषण होत असल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत घ्यावी. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

बाहेर पडावेसे वाटणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी भीती ‘आता जायचे कुठे?’ हीच असते. घराचे दार उघडे आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.