कोयत्याला पाणी पाजतात म्हणजे काय?

नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर आहे. तिकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, तर आधी झाडावर चढून फांद्या तोडाव्या लागतात. एका हाताने झाड धरलेले, दुसऱ्या हातात कोयता. अशा वेळी पात्याचा कपचा उडाला, तर डोळाच जायचा! तेव्हा लोहाराने पाणी नीट पाजले की नाही, हा प्रश्न काही साधा नव्हे.

आता लोखंड पाणी पिते का हो? मुळीच नाही. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. कोयत्याजोग्या पोलादात शंभर भागांत अर्धा-पाऊण भाग. थंड लोखंडात अणूंची बैठक अशी, की घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. तीत कार्बनाला जवळजवळ जागाच नाही. तो लोखंडाशी संयोग पावून निराळ्या पापुद्र्यांत राहतो. भट्टीत सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे ही बैठक मोडू लागते. मधला अणू जाऊन घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात, आणि कार्बन आत विरघळतो. लाल पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला, की हा बदल बहुतेक झाला म्हणावे.

हेच पाते राखेत सावकाश निवू दिले, तर कार्बन पुन्हा वेगळा होतो, पोलाद मऊ राहते. पण एकदम पाण्यात बुडवले, की त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. लोखंड जुन्या बैठकीवर येऊ पाहते आणि हा मध्ये अडकलेला! रचना ताणली जाते. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. ती कठीण खरी, पण काचेसारखी ठिसूळ.

घाई नडते ती इथे. पाते घासून चकचकीत करावे व पुन्हा मंद तापवावे. त्यावर गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढत जातात; सुमारे २२० पासून ३०० अंशांपर्यंतचे हे रंग. अडकलेला कार्बन थोडा सुटतो, ताण उतरतो. वस्तऱ्याला पिवळा पुरे. कोयता जांभळ्यापर्यंत न्यावा.

गुरुजींनी हे शिवणाच्या सुयांवर दाखवावे. डोळ्यांवर चष्मा, हातात पक्कड हवी. एक सुई लाल करून ज्योतीतून हळूहळू बाहेर काढा, ती वाकेल. दुसरी लाल असतानाच पाण्यात टाका. ती कट्‌कन तुटेल. साधा खिळा मात्र घेऊ नका. त्यात कार्बन इतका कमी, की पाणी पाजले तरी तो वाकतोच.