वेशीतला न्याय

न्याय आणि लाच यांविषयी बायबलच्या जुन्या करारात काय सांगितले आहे ते पाहावयाचे, तर तो न्याय कोठे होत असे हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. प्राचीन इस्राएलात न्यायसभा नगराच्या वेशीत भरे. वडीलधारी मंडळी तेथे बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत निवाडा होई. दान या ठिकाणच्या उत्खननात वेशीतील दगडी बाक सापडलेही आहे.

या न्यायकर्त्यांवर नियमशास्त्राने कडक बंधने घातली. लाच डोळसालाही आंधळे करते, म्हणून ती घेऊ नये, असा निर्गमाच्या २३ व्या अध्यायाचा आशय आहे. श्रीमंताचा मुलाहिजा धरू नये, तसेच केवळ गरीब म्हणून कोणाकडे झुकूही नये, असे लेवीयाचा १९ वा अध्याय सांगतो. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, ही आज्ञाही त्याच अध्यायात आहे. म्हणजे दया शेतावर करावी. न्यायासनावर मात्र तराजू सरळ धरावा. देहदंडासाठी निदान दोन साक्षीदार हवेत, पहिला धोंडा त्यांनीच उचलावा, आणि साक्ष खोटी ठरल्यास आरोपीला मिळणारी शिक्षा त्यांनाच व्हावी, असेही ठरलेले होते.

एवढी तटबंदी असता अन्याय शिरतो कोठून? इ. स. पूर्व नवव्या शतकातील नाबोथाची कथा याचे उत्तर देते. इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाने तो मोबदला देऊन मागितला. वडीलार्जित वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. तेव्हा राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहून, त्याचाच शिक्का मारून, नगरातील वडील मंडळींकडे धाडली. उपवास पुकारला गेला, लोक जमले. देवाची व राजाची निंदा केल्याचा आरोप झाला. दोन साक्षीदार उभे राहिले. नाबोथ धोंडमार होऊन मेला आणि राजा मळ्याचा ताबा घेण्यास निघाला.

यात एकही रीत चुकलेली नाही, हे आपण पाहावे. सभा होती, आरोप होता, साक्षीदारही नेमके दोन होते. शमुवेलाच्या मुलांनी बैरशेबात लाच खाल्ली, असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. येथे मात्र वडिलांना पैसे दिल्याचा उल्लेख नाही; शिक्क्याचे पत्र पुरेसे झाले. ते साक्षीदार कोण, एवढे विचारणारा एकही वडील त्या वेशीत निघाला नाही.

विचारले ते पुढे एलीया संदेष्ट्याने, आणि तेही थेट राजाला, त्याच मळ्यात. त्याने साक्षीदारांची नावे घेतली नाहीत. खून आणि ताबा या दोन्हींचा जाब त्याने अहाबाकडेच मागितला. शतकभराने आमोसही वेशीत न्याय पुन्हा स्थापा म्हणून सांगत राहिला. कायदा लिहिलेला असणे ही न्यायाची निम्मीच तयारी झाली. उरलेली निम्मी, त्या बाकावर बसणाऱ्याच्या धैर्याची आहे, असे आम्हांस वाटते.