मुळीचा गुण आणि मात्रा

वैनगंगेकाठचा बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. मराठी माणसाला तो परका नाही. तेथील बैहर भागातील बैगा व गोंड यांचे वनौषधींचे ज्ञान विख्यात आहे. मध्य भारताच्या वनांत, तसेच आमच्या कोकण-गोमंतकाच्या डोंगरउतारांवरही, सर्पगंधा उगवते. तिची मुळी निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. पैकी सर्पदंशावर तिचा भरवसा धरणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. तेथे रुग्णालयातील प्रतिविषाखेरीज तरणोपाय नाही.

परंतु ही मुळी थोतांड नव्हे. १९३१ साली सिद्दीकी यांनी तिच्यातून अजमलीन वेगळे केले आणि हकीम अजमलखानांचे नाव त्यास दिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा रक्तदाबावरील या औषधाकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात रिसर्पिन हाती आले. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या आमच्या पिढीला याचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

मात्र अभिमान ही मात्रा नव्हे. रिसर्पिन मिलिग्रॅमच्या अंशातच द्यावयाचे असते, आणि मुळीतील त्याचे प्रमाण जागेनुसार व हंगामानुसार बदलते. चिमूटभर चूर्णात ते किती आले, हे घरी कोण मोजणार? अधिक झाल्यास रक्तदाब एकाएकी घसरतो, नाडी मंदावते, गुंगी येते. नाक चोंदणे, पोटातील व्रण बळावणे हेही संभवते. काही रुग्णांत तीव्र खिन्नता आल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून ज्यांना पूर्वी हा विकार झाला, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही मुळी वर्ज्य मानावी. शिवाय बाजारात तिच्याच जातकुळीतील दुसऱ्या झाडाची मुळी भेसळीस येते, हे वेगळेच.

'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांतही ऐकतो. ज्या मुळीला गुण आहे, तिला दोषही असणारच. डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करून कोणी चूर्ण सुरू करू नये. दोन्ही एकत्र घेणे तर अधिकच धोक्याचे. घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आणखी एक गोष्ट. पाने खुडली तर झाड पुन्हा पालवते. मुळी उपटली की ते संपते. अनिर्बंध उपशामुळे सर्पगंधा दुर्मिळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तिची लागवड वाढावी, मुळीची पारख व्हावी आणि तिची मात्रा जाणत्या वैद्याने ठरवावी. परंपरेचा मान राखण्याचा आम्हांस एवढाच मार्ग दिसतो.