पंप आहे, मग नर्सला गणित कशाला?

मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला गेली की घरचे म्हणतात, ‘बरं झालं, गणितातून सुटली.’ प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, गणित लागत नाही, एवढ्यावरून काढलेला हा निष्कर्ष. कुणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असतं : ‘हल्ली सगळं पंपच करतो.’ शिकलेली माणसंही हे म्हणतात तेव्हा संताप येतो, कारण या समजुतीने जीव जाऊ शकतो.

पंप फक्त सांगितलेल्या वेगाने औषध सोडतो. वेग किती, ते माणूस ठरवतो. २००६ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये कर्करोगाच्या एका रुग्ण महिलेला फ्लुरोयुरासिल हे औषध चार दिवसांत द्यायचं होतं. वेग हवा होता ताशी १.२ मिलिलिटर, पंपावर घातला गेला २८.८. हा पूर्ण दिवसाचा आकडा, त्याला २४ ने भागायचं राहून गेलं. चार दिवसांचं औषध चार तासांत शरीरात गेलं आणि ती दगावली. आयएसएमपी कॅनडा या औषधसुरक्षा संस्थेचा २००७ चा अहवाल सगळ्या नर्सिंग कॉलेजांत वाचला जावा असा आहे. आकडा दुसऱ्या परिचारिकेनेही तपासला होता. पण लेबलवर दोन्ही वेग छापलेले होते, त्यामुळे २८.८ डोळ्यांना बरोबरच वाटला. त्या दोघींना दोष देऊन आपण सुटत नाही. दिवसाला २८.८, म्हणजे चार दिवसांचं मिळून सुमारे ११५ मिलिलिटर. ताशी जवळपास ३० सोडलं तर ते दुपारपर्यंत संपेल, हा अंदाज कॅल्क्युलेटर उचलण्याआधी मनात यावा लागतो. तो अंदाज शिकवता येतो, पण वर्गात शिकवला तरच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. भारतात इन्सुलिनच्या व्हायल एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही वेगळ्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. आता १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर किती युनिट गेले? खूण २० ची, द्रव अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! उलट अदलाबदल झाली तर जेमतेम ८. गुणोत्तर-प्रमाण शिकवायला आंब्यांच्या पेट्या आणि रंगाऱ्यांचे दिवस कशाला हवेत? दोन व्हायल, दोन सिरिंज टेबलावर ठेवा. चुकलं तर काय होईल हे विद्यार्थिनीला ठाऊक असतं, म्हणून ती लक्ष देते.

‘सूत्र पाठ केलं की झालं’ हा दुसरा समज. हॉइल्स, नॉस आणि पोझी या संशोधकांनी अनुभवी परिचारिकांना वॉर्डात काम करताना पाहिलं आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. विचारल्यावर परिचारिका शिकवलेलं सूत्र सांगत. प्रत्यक्षात त्या औषधाची तीव्रता धरून वेगवेगळ्या वाटांनी हिशेब करत, आणि तो बरोबर येई. म्हणून वर्गात वाट एकच नको. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा : कुणी १०,००० थेंबांना २४० मिनिटांनी भागेल, कुणी आधी ताशी १२५ मिलिलिटर काढेल. उत्तर मिनिटाला ४२ थेंबांच्या आसपासच. दोघींना फळ्यापाशी बोलवा आणि एकमेकींचा हिशेब तपासायला लावा.

‘दवाखान्यातली उदाहरणं घेतली की गणित पातळ होतं’ हा तिसरा समज. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ झाला तर फरक ०.३ चाच दिसतो, पण हायड्रोजन आयनांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. लॉगॅरिदम यापेक्षा घट्ट कुठे शिकवाल?

‘संख्याशास्त्र डॉक्टरांचं’ हा चौथा. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे १८५८ मध्ये आकृती काढून सरकारला दाखवलं फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेने.